तिसरा स्लॅश

१

इशारा होता. चांगला बारा ओळींचा, कोडमध्ये जागच्या जागी. फक्त छापील पुस्तिकेत त्याचा मागमूस नव्हता, आणि म्हणून मंगळवारी सकाळी एका हॉस्पिटलात एका निवृत्त शिक्षिकेच्या शिरेत दुप्पट औषध गेलं. वीज दोन मिनिटं गेली, परत आली, औषधाचा पंप पुन्हा सुरू झाला, आणि आधीची मात्रा नव्या मात्रेत मिसळली. बाईंचा जीव वाचला. शुद्ध गुरुवार दुपारपर्यंत आलेली नव्हती.

त्याच गुरुवारी, दोनच्या ठोक्याला, पट्टीआत्या आपल्या भावाच्या कंपनीत शिरली.

या घरच्या कंपनीत पंपांचा कोड लिहायचे. तो कोड कसा लिहायचा, नोंद कुठे द्यायची, ओळ कुठे मोडायची, याचं नियमपुस्तक आत्यानं लिहिलं होतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी तिच्या हातातली स्टीलची फूटपट्टी सुटली नव्हती. तिच्याबद्दल लोक काय वाट्टेल ते सांगत. एकदा म्हणे कुणीतरी ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा विसरलं, आणि आत्याला ती बंद लिफ्टमध्ये जाणवली. चौथ्या मजल्यावर जायचं सोडून बाई दुसऱ्यावरच उतरली. खोटं असेल. पण दुसऱ्या मजल्यावरचे लोक लिफ्ट वाजली की अजून आपापल्या ओळी तपासतात, हे मात्र खरं.

बैठकीच्या खोलीत भावाची सून एका कागदासमोर बसली होती. पेन उघडं, सही कोरी.

"वाच की, अक्का," मालक म्हणाले. बाहेर मालक, घरात बाबा, आणि हिच्यापुढे धाकटा भाऊ. "चूक कबूल आहे, राजीनामा देते, एवढंच लिहिलंय. नियम तुझाच. नोंदीच्या ओळीआधी दोन स्लॅश, म्हणजे दोन तिरक्या रेघा दिल्या, तर ती आपल्यापुरती. तीन दिले, तर यंत्र ती उचलून पुस्तिकेत छापतं. हिनं दोनच दिले."

"मी तीन दिले होते, बाबा," सून म्हणाली.

"मग तिसरा काय उंदरानं नेला? तोही बारा ओळींतून एकेक?"

"बदलांचा इतिहास बघा म्हणजे कळेल," आत्या म्हणाली.

"इतिहास उरलाय कुठे! गेल्या आठवड्यात कोड नव्या सर्व्हरवर हलवला. जुना पुसून विकूनही टाकला. आणि नव्यावर इतिहास राखणं अजून सुरू झालेलं नाही." मालकांनी दुसरा कागद पुढे सरकवला. "हे पाच वाजता अकराही हॉस्पिटलांना जाणार. 'नवख्या कर्मचाऱ्याच्या चुकीने इशारा छापायचा राहिला. वीज आल्यावर आधी क्लिअर हे जुनी मात्रा पुसणारं फंक्शन बोलवा, मग पंप पुन्हा चालवणारं रिझ्यूम. मात्रा बरोबर राहील.' विषय संपला."

आत्या भिंतीवरच्या स्क्रीनजवळ गेली आणि त्या बारा ओळींना पट्टी लावू लागली.

"ओळी कसल्या मोजतेस?" मालक हसले. "ऐंशी अक्षरांच्या आत ओळ बसवणारं ते फॉर्मॅटर प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर तूच बसवलंस ना?"

"तुझा सोडून."

"माझ्या ओळी मला मोडता येतात!"

पट्टी चौथ्या ओळीवर आली. ओळीच्या टोकाला तीन अक्षरांची जागा रिकामी होती, आणि पाचवी ओळ 'तर' या शब्दानं सुरू होत होती.

पट्टी तिथून हलेना.

"धाकट्या," आत्या हळूच म्हणाली, "पाच वाजेपर्यंत हिची सही घेऊ नकोस."

२

कोड हलवणाऱ्या माणसाला सगळे हलव्याच म्हणत. तळमजल्यावर सर्व्हरच्या थंडगार खोलीत तो स्वेटर घालून बसला होता, आणि तरी त्याला घाम फुटला होता.

"साप साप म्हणून भुई धोपटू नका, आत्या. मी आख्ख्या घराचं सामान उचललं. त्यात एका शर्टाचं एकच बटण तोडत बसायला मला वेळ कुठला?"

"चुकून तुटलं असेल."

"चुकून तुटलं असतं तर सगळ्यांची तुटली असती! मी काही बोटांनी हलवत नाही. एक आज्ञा देतो, ती सगळीकडे चालते. तिनाचे दोन करणारी आज्ञा सुटली असती, तर एकही नोंद जागेवर राहिली नसती."

"पुस्तिकेसाठीच्या नोंदी किती होत्या?"

हलव्यानं स्क्रीनच्या कडेला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी दाखवली. तिच्यावर लिहिलं होतं: जुन्यात २४०, नव्यात २४०. खाली वार आणि वेळ. शुक्रवार, पावणेचार.

"आज किती आहेत?"

त्यानं मोजून पाहिलं. पुन्हा मोजून पाहिलं. "दोनशे एकोणचाळीस."

"म्हणजे शुक्रवारी पावणेचारला तिसरा स्लॅश जिवंत होता," आत्या म्हणाली. "पुढे?"

"पुढे मला नका विचारू. चार वाजता बहिणीला कळा सुरू झाल्या म्हणून मी पळालो, तो सोमवारी आलो. माझं खातं मालकांनी चारलाच बंद केलं. काम झालं की चावी काढून घ्यायची, हा तुमचाच नियम."

"काय झालं बहिणीला?"

"जुळ्या मुली." तो पहिल्यांदाच हसला. "दोघी ऐंशीच्या आत आहेत, आत्या. मी मोजलं."

आत्याही हसली असती. पण त्याच वेळी त्यानं सहज बोलल्यासारखं एक वाक्य जोडलं.

"एक विचारू? इशारा नको होता तर पुसायचा ना सरळ. स्लॅश काढून झाकून कशाला ठेवायचा?"

३

मालकांचा जावई पंप विकायचा. जिना चढतानाही तो काहीतरी विकत असल्यासारखा चढे. आत्यानं त्याला जिन्यातच गाठलं.

"इशारा गेला तर फायदा तुझा," ती म्हणाली.

"आत्या! काय बोलताय!"

"गेल्या महिन्यात सुनेला कोण म्हणालं होतं, इशारे कमी कर म्हणून?"

"म्हणालो होतो. नाकारत नाही. गिऱ्हाइकापुढे इशारा ठेवणं म्हणजे पाहुण्याला दारातच सांगणं, आत या, कुत्रा चावतो." त्यानं रुमालानं मान पुसली. "पण मला स्लॅश कुठला आणि विराम कुठला ते कळतं का? माझ्या कॉम्प्युटरवर कोड दिसतसुद्धा नाही. आणि खरं सांगू? ती शिक्षिका माझ्या शाळेतली आहे. मला चौथीत होती. मी दोन दिवस जेवलो नाहीये."

तो खोटं बोलताना फार छान बोलतो, हे आत्याला ठाऊक होतं. हे तो वाईट बोलला होता.

"छपाईच्या दिवसाचं, शनिवारचं सांग. पुस्तिका कधी मिळाली?"

"तोच तर ताप! सकाळपासून छापखानेवाला फोनवर. पुस्तिका निघेचना. यंत्र अडलेलं, बाहेर तो लाल दिवा लागलेला. मी डोकं धरून जिन्यात बसलो होतो. साडेबाराच्या सुमारास दिवा हिरवा झाला, एकला पुस्तिका हातात. देव पावला म्हटलं आणि सुटलो."

"त्या वेळी वर कोण होतं?"

"बाबा त्यांच्या खोलीत, वहिनी तिच्या टेबलावर. बाकी कुणी नाही."

लाल दिवा कधी लागतो, हे या इमारतीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तो दिवा तिनंच लावायला लावला होता. नियम सतरावा: पुस्तिकेत जाणाऱ्या प्रत्येक इशाऱ्याखाली एक उदाहरण असावं. यंत्रानं पुस्तिका काढण्याआधी ते उदाहरण स्वतः चालवून बघावं. लिहिल्याप्रमाणे उत्तर आलं तर हिरवा. नाही आलं तर लाल, आणि छपाई बंद.

हलव्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, आणि ते उत्तर नको असं आत्याला वाटलं.

कुणालाही इशारा लपवायचा नव्हता. कुणाला तरी उदाहरणाचं तोंड दाबायचं होतं. तिसरा स्लॅश गेला, की यंत्र त्या नोंदीतलं उदाहरणही चालवत नाही.

४

साडेचार वाजले होते. सुनेनं पेनाचं टोपण चावून चपटं केलं होतं.

"तुझ्या इशाऱ्याखालचं उदाहरण सांग," आत्या म्हणाली.

"साधं आहे. पंप पाचवर लावायचा. वीज घालवायची, आणायची. आधी क्लिअर, मग रिझ्यूम. पुन्हा पाच सांगायचे. उत्तर पाच आलं पाहिजे. क्लिअर विसरलं तर जुने पाच आणि नवे पाच मिळून दहा होतात, तोच तर इशारा."

"तू ते चालवलं होतंस?"

"गेल्या गुरुवारी. हिरवा आला होता."

"शनिवारी लाल होता."

सुनेचं तोंड उघडं राहिलं. "मला वाटलं, तो लाल दुसऱ्या कुणाचा असेल. बाबा म्हणाले, तू बस, मी बघतो. आत्या, मग माझं उदाहरण चुकलं होतं का?"

"गुरुवारी बरोबर आणि शनिवारी चूक? उदाहरणं नासत नाहीत, बाई. ती काय दूध आहेत?"

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. तिचा नवरा मंगळवारपासून त्याच हॉस्पिटलात पंपांपाशी बसून होता. तिनं आवाज मोठा केला.

"पत्राचं काय झालं?" तो घाईत होता. "इथला तंत्रज्ञ थांबलाय. आपल्या पुस्तिकेवरून त्यानं नर्सच्या टेबलासाठी प्रोग्राम लिहिलाय ना, त्यात एकच ओळ घालायची आहे, क्लिअरची. साडेपाचला जनरेटरची चाचणी आहे. दोन मिनिटं वीज जाणार. नऊ पंप चालू आहेत."

"चालू म्हणजे माणसांना लावलेले?" आत्यानं विचारलं.

"आत्या? हो, माणसांनाच. पण क्लिअर घातलं की प्रश्न मिटला, असं बाबा म्हणालेत."

आत्यानं घड्याळाकडे पाहिलं. पत्र जाणार होतं पाचला. वीज जाणार होती साडेपाचला. आणि शनिवारी त्या यंत्रानं लाल दिवा लावून नेमकं हेच ओरडून सांगितलं होतं, की क्लिअर घातलं तरी प्रश्न मिटत नाही.

"तू तंत्रज्ञाला बोलण्यात गुंतव," ती म्हणाली. "गाणं म्हण, पडल्याचं सोंग कर. माझा फोन येईपर्यंत त्याला त्या ओळीला हात लावू देऊ नकोस."

आणि पट्टी घेऊन ती भावाच्या खोलीकडे निघाली.

५

मालकांच्या खोलीत काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं होती. तीस वर्षांपूर्वी होती तशीच. मागोमाग सून, जावई आणि हलव्या येऊन दारात उभे राहिले.

"वरात घेऊन आलीस?" मालक म्हणाले. "पाचला वीस मिनिटं आहेत. झाली सही?"

"ही नोंद बघ. चौथी ओळ सत्त्याहत्तर अक्षरांची आहे. पाचवीचा पहिला शब्द 'तर'. दोन अक्षरं. मध्ये एक मोकळी जागा. किती झाले?"

"ऐंशी."

"बसतो ना मग वरच्या ओळीत? का नाही बसवला?"

"हिचा गलथानपणा."

"ओळी ही कुठे मोडते? फॉर्मॅटर मोडतं. ते शब्दाला जागा असली की वर ओढतंच, माणसासारखं आळशी नाही. हिनं पहिल्यापासून दोन स्लॅश दिले असते, तर तो 'तर' चौथ्या ओळीत जाऊन बसला असता. आता तीन स्लॅश धर. ओळ अठ्ठ्याहत्तर. मोकळी जागा, 'तर', एक्याऐंशी. नाही बसत! म्हणून तो खाली उतरला. ही नोंद तीन स्लॅशनीच मोडलेली आहे, धाकट्या. कापड तिसऱ्या स्लॅशच्या मापानं कापलंय. स्लॅश काढला, पण माप राहिलं."

दारात हलव्यानं श्वास आत घेतला.

"बरं," मालक म्हणाले. "मग नंतर हिनंच काढला असेल."

"हिच्या कॉम्प्युटरवर? बदल साठवताक्षणी फॉर्मॅटरनं ओळी पुन्हा भरल्या असत्या. 'तर' वर गेला असता. म्हणजे स्लॅश काढणाऱ्याकडे फॉर्मॅटर नाही. तसे या कंपनीत दोघंच. एक हलव्या, त्याच्या आज्ञा थेट सर्व्हरवर चालतात. शुक्रवारी पावणेचारला नोंदी पुऱ्या दोनशे चाळीस होत्या, चारला तू त्याचं खातं बंद केलंस, आणि तो सोमवारपर्यंत जुळ्या भाच्या मोजत होता."

दुसऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. खोलीत काळा पडदा एकच होता.

मालकांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग एकदम उसळले. "ते उदाहरण चुकीचं होतं! छापखाना बोंबलतोय, जावई जिन्यात रडतोय, आणि नोकरीला सहा महिने झालेल्या एका पोरीच्या उदाहरणापायी सगळं अडलंय! मी तीस वर्षं पंप चालवतोय, अक्का. यंत्र मला शिकवणार? म्हटलं, आज दोन स्लॅश करू, सोमवारी निवांत बघू."

"बघितलंस सोमवारी?"

मालकांनी टेबलावरचं पत्र उगाच सरळ केलं.

"आणि मंगळवारी? बाई बेशुद्ध पडल्यावर?"

"मंगळवारी हॉस्पिटलवाल्यांनी क्लिअर बोलावलंच नव्हतं! मग क्लिअरचा काय दोष?"

"शुक्रवारी चारनंतर तू क्लिअरला हात लावलास का?"

"दिवसभराचं एकूण औषध पुसलं जातं अशी तक्रार होती. तेवढं राखून ठेवलं. दोन ओळी बदलल्या. दोन ओळींनी काय होतंय!"

आत्यानं खुर्ची ओढली आणि कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला.

"तिसरा स्लॅश मी नाही घालणार. तूच घाल. बारा ओळी आहेत."

"अक्का, पाचला पत्र—"

"घाल."

मालकांनी एकेक स्लॅश परत घातला. बारा वेळा कळ वाजली, आणि दरवेळी सून डोळे मिटत होती. तिचं उदाहरण खरंच चुकलं असेल, तर आत्ताच कळणार होतं.

मालकांनी यंत्र सुरू केलं.

बाहेर जिन्यात लाल दिवा लागला. काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: अपेक्षित ५, मिळाले १०.

६

"दोन ओळी," मालक पुटपुटले. एकूण औषध राखताना आधीची मात्राही राखली गेली होती. क्लिअर आता काहीच पुसत नव्हतं. शनिवारपासून अकरा हॉस्पिटलांतल्या पंपांत तोच कोड चालत होता, आणि टेबलावरचं पत्र त्याच क्लिअरवर विसंबा म्हणून सांगत होतं.

आत्यानं फोन लावला. पलीकडे कुणीतरी खरोखरच गात होतं, आणि फार वाईट गात होतं.

"बस कर," ती म्हणाली. "आधी हातानं. एकेका रोग्याजवळ नर्स उभी कर, पंप उतरवा, औषध हातानं मोजून द्या. चाचणी पुढे ढकला. क्लिअरवर विश्वास ठेवू नका. कोण सांगतंय? सांग, कंपनी सांगतेय."

पाचला दहा मिनिटं. जावयानं आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकांना काहीही न विकता फोन केले. दहा फोन, दहा हॉस्पिटलं. कुत्रा चावतो, असं तो प्रत्येकाला दारातच सांगत होता. हलव्या शुक्रवारच्या आधीचं क्लिअर सुनेच्या कॉम्प्युटरवर शोधायला धावला आणि सापडल्यावर लहान पोरासारखा ओरडला.

पत्र नव्यानं लिहायचं होतं. कोरा कागद जवळ नव्हता. आत्यानं सुनेचा कबुलीजबाब उलटा केला आणि मालकांपुढे ठेवला.

"लिही."

त्यांनी लिहिलं. पंप थांबवा. क्लिअर बिघडलेलं आहे. इशारा छापला नाही, कारण तो दडपला गेला.

"कुणी दडपला?" आत्यानं विचारलं.

पेन थांबलं. मालकांनी सुनेकडे पाहिलं. ती खाली बघत नव्हती. सरळ त्यांच्याकडे बघत होती, एखाद्या उदाहरणाचं उत्तर काय येतंय ते बघावं तशी.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचं नाव मी कुणाला सांगितलं नसतं. पण तुम्ही माझं लिहिलंत."

मालकांनी मान खाली घातली आणि लिहू लागले. फार वेळ लिहिलं. पाचला तीन मिनिटं असताना पत्र सगळीकडे गेलं. शेवटी त्यांचं नाव होतं, हुद्द्यासकट.

सगळे गेल्यावर आत्या त्यांच्या कॉम्प्युटरवर फॉर्मॅटर बसवायला बसली. हे तीन वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. धाकटा रुसेल म्हणून तिनं नियमाला एवढं एक भोक ठेवलं होतं, आणि त्या भोकातूनच सगळं निसटलं.

"माझंही नाव यायला हवं होतं ना पत्रात?" ती म्हणाली. "तुझा कॉम्प्युटर मीच सोडला होता."

"ते माझ्या पत्रात मावलं नसतं, अक्का."

सहा वाजता जिन्यातून जावयाची हाक आली. हॉस्पिटलातून फोन होता. नऊही पंप उतरवले होते, नऊही माणसं ठीक होती. आणि त्याच्या चौथीच्या बाईंनी डोळे उघडून पहिल्यांदा विचारलं होतं, की ही शाळेची घंटा इतका वेळ कोण वाजवतंय.

आत्यानं सवयीनं पत्राच्या प्रतीला पट्टी लावली. सगळ्या ओळी ऐंशीच्या आत होत्या. शेवटची सोडून. 'माझ्या सुनेची यात कोणतीही चूक नाही' हे शब्द तिथे बसत नव्हते, आणि तरी मालकांनी ते त्याच ओळीत कोंबले होते, थेट कागदाच्या कडेपर्यंत.

एक्याण्णव अक्षरं. तिनं दोनदा मोजली.

मग पट्टी पिशवीत टाकली आणि ती ओळ तशीच राहू दिली.